चौमुखीचे ओठ

ओठ राखायचा, हे सरूमावशीच्या घरात मला शिकवलेलं पहिलं काम. बैलाच्या गळ्यातल्या घंटेला काठाशी आतल्या अंगाने जी जाड कड ठेवतात, तिला त्या घरात ओठ म्हणत. आत लटकणारा लोळा येऊन आपटतो तो नेमका तिथे. ओठ बारीक राहिला तर घंटा दुसऱ्या पोळ्याच्या आत तडकते, फार जाड झाला तर आवाज तिच्या घशातच राहतो. मावशीचे यजमान अमडापूरचे ओतारी. ते मला मेणाची तार वळायला देत आणि नंतर डोळे मिटून माझ्या मेणघंटेच्या काठावरून अंगठा फिरवत. "ओठ बोदा आहे, पुन्ना कर," म्हणत. बोदा म्हणजे बोथट. भट्टीच्या धगीने त्यांची नजर अधू झाली होती, पण अंगठ्याला सगळं दिसायचं. आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला मावशीच्या नवऱ्याला काका म्हणतात, इथे मावसाजी. पहिले चार दिवस मी काका म्हणत राहिले आणि चारही दिवस शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझं 'मला-तुला' ऐकायला तर मुद्दाम यायच्या. "बोल वं कमळे, पुन्यावानी बोल काई तरी!" मी पुणं पाहिलंसुद्धा नव्हतं.

आई गेली तेव्हा सातवीतून माझं नाव काढलं. वडील कामापायी गावोगाव फिरत, त्यांच्याजवळ मला ठेवायची सोय नव्हती. मग आठ महिने चुलत्याकडे, एक पावसाळा आत्याकडे. दोन्ही घरांत एके दिवशी कुणीतरी फार गोड आवाजात विचारलं, "कमळ, वडिलांची आठवण येत असेल ना गं?" आणि तिसऱ्या दिवशी माझी पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर चढली. तेव्हापासून मला रागावणारं माणूस चालायचं, मायेने विचारणाऱ्याची धास्ती वाटायची. मावशीकडे आले तेव्हा ट्रंकेतून रोजचे दोन कपडे तेवढे काढले, बाकीचे घडी न मोडता आतच ठेवले. जिथून उठायचं आहे तिथे पसरून कशाला बसा, असं चौदाव्या वर्षी वाटत होतं.

पण त्या घराने मला पसरायला लावलं, दुसरं काय. घर म्हणजे बाजारामागच्या गल्लीत पुढे एक खोली, मागे स्वयंपाक आणि त्याच्या मागे भट्टीचं अंगण. सकाळी मेण आणि राळ वितळल्याचा वास, त्यात मळलेल्या माती-शेणाचा वास. दुपारी भात्याचा हूंऽफूंऽ असा दमेकऱ्यासारखा आवाज. दाराच्या चौकटीला एक घंटा टांगलेली होती, तिला वानगी म्हणत. गिऱ्हाईक आलं की आधी ती वाजवून बघे. घरात रीत अशी, की नवी घंटा साच्यातून फोडून काढली की पहिला टोला जो तिच्या पोटात हात घालून बसला होता, म्हणजे ज्याने तिचं आतलं काम केलं, त्यानेच मारायचा. तो मान कायम मावसाजींचा. आणि एखादं ओतकाम फसलं, तर वानगी चौकटीवरून उतरवायची आणि पुढचं चांगलं काम होईपर्यंत परत चढवायची नाही. गल्लीतून जाणाऱ्याला रिकामी चौकट दिसली की न सांगता कळे.

रशीद उस्तादाचं गॅरेज म्हणजे बाजाराच्या टोकाला एक कडुलिंब, त्याच्या फांदीला इंजिन उचलायची साखळी आणि खाली त्याची जीप. लष्कराच्या मोडीतून आणलेली ती जीप मूळची पेट्रोलवर चालणारी. तिची तहान परवडेना म्हणून दोन वर्षं खपून उस्तादाने तिच्यात चार नळकांड्यांचं जुनं डिझेल इंजिन बसवलं होतं. गाव त्या जीपला 'उस्तादाची सून' म्हणायचं, कारण तिचं कौतुक कधी संपत नसे आणि तिच्या कुरबुरीही. आज पुढचा कमानपाटा बदल, उद्या रेडिएटर. खामगावच्या बाजाराला ती माणसं आणि माल घेऊन जाई. घाट उतरताना झोकात. येताना मात्र भरल्या अंगाने वर चढायचं म्हटलं की पिंपळाच्या वळणावर तिचा जीव निघे. मग बायामाणसांनी उतरून पायी चालायचं आणि बाप्यांनी मागून लोटायचं.

एका सकाळी उस्ताद पोत्यात काहीतरी जड गुंडाळून आमच्या अंगणात आला. धरणाच्या कामावर मोडीच्या लिलावात त्याला ते मिळालं होतं, खडक फोडायच्या हवेच्या यंत्रावरचं. पोतं उलगडलं तर आत लोखंडाचा, डोक्याएवढा शंख. खरोखरच शंख, तसाच वेढा घेत गेलेला, तसंच तोंड. उस्ताद त्याला टर्बो म्हणायचा. आमच्या घरात तो पहिल्या दिवसापासून शंखच झाला.

"मिस्त्री, इंजिन म्हंजे छाती," उस्ताद मावसाजींना सांगू लागला. तो वऱ्हाडीच बोलायचा, मधूनच हिंदीत घसरायचा. "जेवढी हवा आत, तेवढंच डिझेल जळते. हवा कमी पडली का निरा काळा धूर. आता हे शंख काय करते? इंजिनातून धूर बाहेर पडते ना, त्या धुराच्या जोरावर याचं एक चाक फिरते. त्याच दांडीवर दुसरं चाक आहे, थे हवा दाबून दाबून छातीत भरते. फुकट की ताकद!"

"धुराच्याच जोरावर हवा?" चहा घेऊन आलेली मावशी म्हणाली. "बाप्पा! म्हंजे सासूच्या शिव्यांवर सुनेनं भाकरी भाजावं तसं."

"बिलकुल तसंच, भाभी! पण लावून पाह्यलं म्या. फरक पडला, पण येवढासा. काऊन? तर हवा वाटणारी ही नळी." त्याने पोत्यातून दुसरं एक लोखंडी बोळकं काढलं. एका तोंडाने हवा घ्यायची आणि चार तोंडांनी इंजिनाच्या चार नळकांड्यांना वाटायची, असं ते मॅनिफोल्ड. "हे बिगर शंखाच्या इंजिनाचं आहे. इथं काटकोन, तिथं काटकोन. पयल्या पोराले ताट भरून वाढते आन चौथ्याच्या वाट्याले खरवड. मले असं करून दे, का मधात एक मोठं पोट आन चारी पोरांले सारख्या लांबीच्या, गोल वळणाच्या नळ्या. गाईच्या शिंगावानी. मंग पाह्य सून कशी घाट चढते."

मावसाजींनी ते बोळकं हातात घेऊन सगळीकडून चाचपलं. "कशात ओतू?"

"जर्मनमधी. हलकं पायजे. जुने पिस्टन देतो वितळाले."

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. त्याच्या पातेल्यांना तेव्हा गावोगाव हेच नाव होतं. मावसाजींनी बोळकं खाली ठेवलं. त्यांच्या सात पिढ्यांनी कासं आणि पितळ ओतलेलं. "ज्याले आवाज नाई, त्याले धातू काऊन म्हणावं, उस्ताद?"

"घाटात बोलंल थे, मिस्त्री. तू ओत तर खरं."

आता मजा वाटते. माझा नातू मोबाइलवर गोऱ्या पोरांच्या चित्रफिती दाखवतो. घराच्या पडवीत जुनी मोटार उघडून बसलेली पोरं. शंख तोच ठेवून नुसतं मॅनिफोल्ड बदलतात आणि आधी किती घोड्यांची ताकद होती, नंतर किती झाली ते यंत्रावर मोजतात. "आजी, तुला कसं कळतं हे?" तो विचारतो. इथे कोइमतुरात, मुलाच्या ओतशाळेच्या भिंतीला लागून राहते मी. आजूबाजूला मराठीचा शब्द कानावर पडत नाही. त्या चित्रफितीत मॅनिफोल्डचं तोंड दाखवलं की माझा अंगठा मात्र आपोआप हलतो.

चौमुखी, असं आम्ही त्या कामाचं नाव ठेवलं. मावसाजींनी मातीच्या गाभ्याचं काम मला दिलं, कारण बोटं माझी बारीक होती. गाभा म्हणजे जे शेवटी पोकळ राहणार त्याचा मातीचा आकार. त्याच्यावर मेण चढवायचं, मेणावर पुन्हा माती. मग तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातू. चार शिंगांचा गाभा वळताना माझे आठ दिवस गेले. तीन वेळा शिंग मोडलं. उस्तादाने इंजिनाच्या भोकांचा पत्र्याचा साचा कापून दिला होता, त्यावर बोल्टांच्या खुणा होत्या. तो मी पुन्हा पुन्हा लावून बघे. आणि सगळं झाल्यावर, कुणी सांगितलं नव्हतं तरी, मी शेवटचं काम केलं. चारही तोंडांशी गाभा नखभर कोरून घेतला. म्हणजे तिथे धातू आत येईल, जाड कड बसेल. तोंड आहे म्हणजे ओठ हवा. वर्षभर माझ्या बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. असे सुबक चार ओठ मी त्याआधी घंटेलाही केले नव्हते.

ओतायच्या दिवशी घरात कुणी बोलायचं नाही अशी रीत. चूल पेटत नाही. भट्टीच्या राखेत वांगी पुरून ठेवतात आणि साचा फुटल्यावर त्यांचं भरीत खातात. कासं तापलं की रंगावरून कळतं. हे जर्मन मेलं लालच होईना. चांदीसारखं थंड चेहऱ्याने मुशीत पडून राहिलं. मावसाजी घामाघूम. शेवटी त्यांनी निंबाची कोरडी काडी त्यात बुडवली, ती झर्रकन काळी पडली, आणि त्यांनी मानेने खूण केली. दुधासारखं सर्रकन गेलं ते आत. साचा फोडला, आतली माती भिजवून भिजवून काढली, राखेने घासलं, आणि ती चौमुखी अंगणात अशी लखलखली की मावशीने रीत मोडून "अवं माय!" म्हटलं. मावसाजींनी डोळे मिटून चारही तोंडांवरून अंगठा फिरवला. "ओठ बरोबर आहे," म्हणाले. त्या तीन शब्दांवर मी दोन दिवस जेवले नसते तरी चाललं असतं. मग रीतीप्रमाणे पहिला टोला. त्यांनी लाकडी हातोडी मारली. थप्. नुसतं थप्.

"मुकी आहे," मावसाजी म्हणाले आणि हातोडी खुंटीला अडकवली.

खामगावच्या बाजाराच्या दिवशी परीक्षा ठरली. उस्तादाने शंखाच्या तोंडाशीच एक टोचा मारून हवेचा दाब दाखवणारं घड्याळ बसवलं होतं. पुढे उस्तादाशेजारी मावसाजी, मागे मी, पाचसहा माणसं, आणि मिरच्यांच्या चार पोत्यांवर गयाबाई. गयाबाई खामगावात मिरची भरून अमडापुरात विकायची. तिच्या जिभेला गिऱ्हाईक वचकून असे. परतताना घाटाला लागलो आणि उस्तादाने पाय दाबला. शंखाने शीळ घातली, बारीक, मग चढती. घड्याळाची सुई कधी नव्हे तिथे गेली.

"पाह्य मिस्त्री, सुई पाह्य!" उस्ताद ओरडला. "जुन्या बोळक्याच्या दीडपट!"

सुई वर होती आणि जीप खाली खाली येत होती. पहिलं वळण येईतो मागे काळ्या धुराचा पडदा. पिंपळ तर अजून दूर होता. इंजिन घुसमटलं, दोन आचके दिले आणि थांबलं. उस्ताद घड्याळाकडे बघतच राहिला.

"उतरा बाप्पा," गयाबाई पोत्यावरून पाय खाली सोडत म्हणाली. "आधी पिंपळापासून चालो, आता पायथ्यापासून. उस्ताद, तुह्या शंखानं आरती करजो. गाडी लोटाले आम्ही हाओतच!"

सगळे हसले. मावसाजी हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी चौकटीवरची वानगी उतरवली आणि फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. उस्ताद सायंकाळी येऊन म्हणाला, "तुह्या कामात खोट नाई, मिस्त्री. सुई खोटं बोलत नाई, हवा भरपूर बनून राह्यली. इंजिनच थकेल आहे माहं. उद्या दुपारी खामगावाले जातो आन शंख मोडीत देऊन टाकतो. नाई जमलं, नाई जमलं." दोन वर्षांचं कौतुक त्याने असं एका वाक्यात गुंडाळलं आणि चहा न पिता गेला.

मी ताटातली भाकरी नुसती चिवडत बसले. कुठे काय चुकलं ते कळत नव्हतं, पण चौमुखीच्या पोटात हात माझा होता, एवढं कळत होतं. मावशीने माझं ताट पाहिलं. मग माझ्याजवळ सरकून, अगदी हळू आवाजात, पाठीवर हात ठेवून तिने विचारलं, "कमळे, बापाची आठवण येऊन राह्यली का वं?"

तोच प्रश्न, तोच गोड आवाज. मी "नाही" म्हटलं, बहुधा ओरडून म्हटलं, आणि उठून ट्रंकेतल्या घड्या नीट आहेत का ते बघून आले.

सकाळी चूल पेटवायला बसले. काटक्या ओल्या होत्या. फुंकणी घेऊन फुंकर घातली तर गाल टम्म फुगले, कानशिलं दुखायला लागली आणि चुलीत काही वाराच जाईना. जितका जोर करावा तितके गाल फुगत. निखारा धुमसून नुसता काळा धूर. फुंकणी उलटी करून पाहिली तर टोकाला राख आणि भाकरीचं पीठ मिळून कडेने गोल थर बसला होता, मधे बारीक भोक. मी काडीने तो थर काढला आणि पुन्हा फुंकले. आता गालांना काही कष्टच नाहीत. हवा सुळकन गेली आणि जाळ भपकन वर आला.

मी तशीच बसून राहिले. गालात जोर, चुलीत वारा नाही. घड्याळ शंखापाशी लावलेलं. म्हणजे ते गाल मोजत होतं. धूर काळा, कारण हवा पुढे पोचत नव्हती. आणि टोकाशी काय होतं? टोकाशी माझे चार सुबक ओठ होते.

एका अंगाने असा आनंद की ओरडत गल्लीत पळावं. दुसऱ्या अंगाने कालचा मावशीचा गोड आवाज. सांगितलं तर खोट माझी. न सांगितलं तर शंख दुपारी मोडीत जाणार, वानगी फळीवर राहणार, आणि कुणाला कधी कळणारही नाही. न सांगणं किती सोपं होतं, हे मी आता म्हातारपणी कबूल करते. चूल मात्र समोर ढणाढणा जळत होती.

मावसाजी अंगणात रिकाम्या भट्टीसमोर बसले होते. मी एका दमात सांगून टाकलं. फुंकणी, गाल, ओठ, सगळं. "मीच कोरलं तोंडाशी. तुम्ही सांगितलं नव्हतं. मी आपल्या मनाने केलं." आणि थांबले. मग त्यांनी हात पुढे केला, "फुंकणी आण." फुंकणीच्या टोकावरून अंगठा फिरवला, एक फुंकर मारली. उठले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "कानस घे. चाल."

कडुलिंबाखाली उस्ताद शंखाचे बोल्ट सोडत होता. मावसाजींनी त्याला थांबवलं आणि आधी चौमुखी काढायला लावली. मग कनवटीचा जुना कलदार रुपया काढून इंजिनाच्या भोकाशी धरला. रुपया आरामात बसला. तोच चौमुखीच्या तोंडाशी धरला तर अडला. त्यांनी अधेली, म्हणजे आठ आण्याचं नाणं, काढली. ती तेवढी गेली.

"रुपयाच्या दारात अधेलीची खिडकी ठेवली आम्ही," मावसाजी म्हणाले.

उस्तादाने कपाळावर हात मारला. "म्या पाह्यलं होतं ना! बोट फिरवून पाह्यलं. वाटलं, क्या सफाई है, मिस्त्रीची कलाकुसर आहे. बोल्ट बसले म्हणून म्या पुढं काई..." मग त्याने विचारलं, "पण हे केलं कोणी?"

मी पुढे झाले. तेवढ्यात मावसाजी म्हणाले, "म्या. ओठ म्या शिकवला, अंगठा माहा फिरला, 'बरोबर आहे' म्या म्हणलं. पोरीनं फक्त चूक सापडवली. ते आपल्या दोघांले नाई जमलं."

माझी बोटं तेवढी त्या शिंगांच्या तोंडात शिरत होती, म्हणून कानस माझ्याकडे आली. पण जर्मन मऊ. दोन घासांत कानशीचे दात भरून जात. "खडू घास त्याले," उस्ताद म्हणाला, "मंग चिकटत नाई." खडू कुठून आणायचा? मी शाळेकडे पळाले. अमडापुरात आल्यापासून मी त्या फाटकासमोरून मान खाली घालून जात असे. त्या दिवशी थेट वर्गात शिरले, सगळी मुलं वळून बघायला लागली आणि मी धापा टाकत मास्तरांना म्हणाले, "मला खडू द्या, घाट चढायचाय!" मास्तरांनी काही न विचारता दोन अख्खे खडू दिले. त्यांचं नावही मला ठाऊक नाही. उपकार कुणाकुणाचे असतात.

दुपार कलेपर्यंत मी घासत होते. बोटांची सालटी निघाली. रुपया पहिल्या तोंडातून गेला तेव्हा उस्तादाने जीपच्या बॉनेटवर ताल धरला. चौथ्यातून गेला तेव्हा भोवती वीसेक माणसं जमली होती. त्यात गयाबाई. "आता वर जाते का फक्त चमकते?" तिने विचारलं.

"बसून पाह्य ना," उस्ताद म्हणाला. "भाडं नाई घेत."

"फुकट बसीन, पण मिरच्या घेऊन बसीन. ओझं पायजे ना परीक्षेले."

मिरच्यांची चार पोती, सात माणसं आणि वर गयाबाई. एवढं ओझं घेऊनच घाट उतरलो, पायथ्याशी वळलो. उस्तादाने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि पाय दाबला. शंखाने शीळ घातली. सुई उठली आणि कालच्यापेक्षा बरीच खाली थांबली.

"गेलं!" उस्ताद म्हणाला. "सुई खाली आहे, मिस्त्री. गेलं सगळं."

"घड्याळ नोको पाहू," मावसाजी म्हणाले. "मागं धूर पाह्य."

मी मागे वळून पाहिलं. धूर नव्हताच जवळजवळ. रस्ता दिसत होता, आणि तो रस्ता आमच्यापासून लांब पळत होता. पहिलं वळण गेलं. जीप मागून कुणीतरी ढकलावी तशी चढत होती. शिळेचा सूर वर वर जात होता, इंजिनाचा आवाज भरदार, मोकळा. उस्तादाने गिअर बदलला. खालचा नव्हे, वरचा! गयाबाई दोन्ही हातांनी पोतं धरून ओरडत होती, "थांबवू नोको बे! थांबवशीन तर पाह्य! माह्या मिरच्या वर गेल्या पायजे!" पिंपळाचं वळण आलं. वर्षानुवर्षं तिथे उतरायची सवय, दोघं बाप्ये तर पाय खाली सोडून तयार बसले होते. पिंपळ आला, सळसळला आणि मागे पडला. मग जो कालवा उठला! सगळे ओरडत होते, उस्ताद हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी काय ओरडत होते मला आठवत नाही. वऱ्हाडीत ओरडत होते असं गयाबाई नंतर गावभर सांगे.

घाटमाथ्यावर जीप थांबली तेव्हा इंजिन बंद करायचं कुणाला सुचेना. मावसाजी खाली उतरले, बॉनेटला कान लावून उभे राहिले. मग म्हणाले, "हाव. आवाज आहे याले."

त्या संध्याकाळी वानगी पुन्हा चौकटीवर चढली. भट्टीच्या राखेत मावशीने कणकेचे रोडगे लावले होते, वरणाला फोडणी बसत होती, गयाबाईने स्वतःहून आणलेल्या मिरच्यांचा ठसका घरभर पसरला होता. मावसाजींनी खुंटीवरची लाकडी हातोडी काढली आणि माझ्यापुढे धरली. मला कळेना. "धर ना," ते म्हणाले, "पोटात हात कोणाचा होता?" मी टोला मारला. वानगी वाजली, आणि मी लगेच दुसराही मारला.

जेवताना उस्तादाने सांगितलं की चिखलीच्या एका जीपवाल्यालाही अशीच चौमुखी हवी आहे. मावसाजी म्हणाले, करू. आता कशाले ओठ पायजे आन कशाले नाई, हे कमळी सांगंल. पत्र्याचे साचे, मेणाच्या तारा, नव्या गाभ्याची मापं, हे सगळं मुंग्यांपासून सांभाळून ठेवायला झाकणाची जागा हवी होती. ताटं उचलताना पाहिलं तर मावशी माझ्या ट्रंकेपाशी बसलेली. माझ्या घड्या तिने एकेक बाहेर काढल्या होत्या, झटकल्या होत्या आणि आपल्या लुगड्यांशेजारी दांडीवर टाकल्या होत्या.

"येवढी चांगली ट्रंक," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वर्षभर नुसती अडवून ठेवली वं तू."